नोकर की ठेकेदार? सही करण्याआधी करार ओळखा

मुलगा कामाला लागला की घरात मिठाई येते. किती पगार, किती तास, सुट्टी कोणत्या दिवशी, जुम्माच्या नमाजला सोडतात का, हे सगळं विचारून होतं. पण हातात आलेल्या कागदावर ‘नेमणूक’ लिहिलंय की ‘सेवा पुरवण्याचा करार’, हे फार कमी घरांत पाहिलं जातं. काही महिन्यांनी पीएफ कापला जात नाही, ईएसआयसीचं कार्ड मिळालेलं नाही, आणि खात्यात येणारी रक्कम पगार नसून ‘प्रोफेशनल फी’ आहे, असं लक्षात येतं. तोपर्यंत सही झालेली असते.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर, सोलापुरात विडी वळताना, मुंबईच्या जरीकामाच्या कारखान्यात, घरी बसून शिवणकाम करताना, गाडी चालवताना किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपसाठी पार्सल पोहोचवताना आपल्या समाजातली हजारो माणसं याच प्रश्नावर उभी आहेत. कायद्याच्या नजरेत आपण नोकर आहोत की ठेकेदार? दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच अनेक जण छोटे कारखानदार आणि दुकानदार आहेत. हा फरक त्यांनाही माहीत असायला हवा. म्हणून हा विषय आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

एकच टेलर, दोन करार

ईदसाठी तुम्ही टेलरकडे कापड दिलं. माप झालं, शिलाई ठरली, तारीख ठरली. तो कपडा स्वतः शिवतो की कारागिराकडून शिवून घेतो, सकाळी शिवतो की रात्री, याच्याशी तुमचा संबंध नाही. तुम्हाला तयार जोडा हवा. हा कामाचा करार, म्हणजे ठेका. इथे विकत घेतलं जातं ते झालेलं काम.

आता त्याच टेलरच्या दुकानात बसणारा कारागीर बघा. मशीन मालकाची, जागा मालकाची, कापड कसं शिवायचं ते मालक सांगतो, नीट झालं नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावतो. हा कारागीर आपली मेहनत दुसऱ्याच्या धंद्यात, दुसऱ्याच्या हुकमाखाली लावतो. हा नोकरीचा करार.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आपण ‘कंत्राटी’ हा शब्द सरसकट वापरतो. एखादी शिक्षिका ११ महिन्यांच्या करारावर असेल तर तिला आपण कंत्राटी म्हणतो. पण ती वेळेवर हजर राहते, हजेरीपटावर सही करते, मुख्याध्यापकांच्या सूचनेप्रमाणे शिकवते. तिचा करार मुदतीचा असला तरी तो नोकरीचाच करार आहे. मुदत कमी असल्यामुळे कोणी ठेकेदार होत नाही.

फरक कुठे पडतो?

पहिली गोष्ट, सुरक्षा. साधारणपणे २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पीएफ लागू होतो. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ईएसआयसी, त्यासाठी सध्या पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. सलग ५ वर्षे नोकरी झाली की ग्रॅच्युइटी, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या नोकरीत १ वर्षानंतरही. हे सगळं नोकराला मिळतं, ठेकेदाराला नाही.

दुसरी गोष्ट, अपघात. कामावर असताना नोकराचा हात मशीनमध्ये गेला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. ठेकेदाराला मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, नाहीतर दवाखान्याचा खर्च स्वतःच्या खिशातून.

तिसरी गोष्ट, काम सुटणं. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराने वर्षभर सलग काम केलं असेल (कायदा त्यासाठी साधारण २४० दिवस धरतो), तर कपात करताना त्याला नोटीस किंवा नोटिशीचा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. ठेकेदाराचं काम संपलं की नातं संपलं. करारात जे लिहिलं असेल तेवढंच त्याच्या हाती.

चौथी गोष्ट, दुसऱ्याचं नुकसान. सेठने पगारावर ठेवलेल्या ड्रायव्हरने कामावर असताना कोणाला धडक दिली, तर नुकसानभरपाई सेठवरही येते. तुम्ही भाड्याने टॅक्सी केली आणि टॅक्सीवाल्याने धडक दिली, तर ती तुमच्यावर येत नाही.

पाचवी गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी आणि डिझाइन करणाऱ्यांसाठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या कामात तयार झालेल्या साहित्याचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या लेखकाचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो, अर्थात करारात तो लिहून दिला नसेल तर. म्हणून सही करण्याआधी तो परिच्छेद वाचा.

कागदावरचं नाव शेवटचं नसतं

कागदावर ‘ठेकेदार’ लिहिलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने हे अनेकदा सांगितलं आहे.

सौराष्ट्रातल्या मिठागरांचा खटला घ्या. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या या खटल्याचा निकाल १९५६ च्या अखेरीस लागला. मीठ पिकवणाऱ्या आगरियांना जमिनीचा तुकडा ठरवून दिला जाई, पैसे मिठाच्या वजनावर मिळत. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला ते आपली माणसं लावू शकत. कंपनी म्हणाली, हे तर ठेकेदार. कोर्टाने पाहिलं की मीठ तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख आहे आणि आगरिया स्वतः राबतात. मदतीला माणसं घेतली म्हणून त्यांचं कामगारपण जात नाही, असं म्हणत त्यांना कामगार मानलं.

पुढचा निकाल तर थेट शिलाईच्या दुकानाचा. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात (१९७३) आंध्र प्रदेशातले कारागीर नगावर पैसे घेत. ज्या दिवशी यायचं नाही त्या दिवशी रजेचा अर्ज नाही. काम नसेल तर दुकान बंद होण्याआधी निघून जायची मोकळीक. काही जण मालकाच्या परवानगीने कापड घरी नेऊन शिवत. पण मशीन आणि जागा मालकाची होती, कसं शिवायचं ते मालक सांगत असे, आणि काम नापसंत करून पुन्हा शिवून घेण्याचा हक्क त्याच्याकडे होता. कोर्टाने त्यांना नोकर ठरवलं. म्हणजे नगावर मजुरी मिळते एवढ्यावरून कोणी ठेकेदार होत नाही.

विडीने शिकवलेला धडा

हा प्रश्न सर्वात जास्त चिघळला तो विडी उद्योगात, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात (१९६१) कामगार दिवसभरात केव्हाही येत-जात. पण दुपारनंतर आलं तर काम मिळत नसे, काम कारखान्यातच करावं लागे, आणि कमी दर्जाच्या विड्या मालक नाकारू शकत असे. कोर्ट म्हणालं, हे कामगारच. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात कामावर येण्या-जाण्याचं, किती काम करायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य दिसलं, तेव्हा बहुमताने उलटा निकाल आला. धंदा एक, पत्ता-तंबाखू एक, पण तपशील थोडा बदलला आणि निकाल फिरला.

मग घरी बसून विडी वळणाऱ्या बायकांचं काय? ठेकेदार पत्ता आणि तंबाखू देणार, तयार विड्या मोजून घेणार, छाट काढणार, आणि कारखानदार म्हणणार की या बाईला मी ओळखतच नाही. ही फट बुजवायला १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं गेलं. कारखानदारांनी त्याला आव्हान दिलं, पण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. हा कायदा आता नव्या श्रमसंहितांत सामावून घेतला आहे. पण जरीकाम, शिवणकाम, पॅकिंग अशी घरबसल्या कामं करणाऱ्या भगिनींना विडीसारखं खास संरक्षण मिळालेलं नाही. त्यांना आपला करार कोणता, हे तपशिलांवरूनच सिद्ध करावं लागतं.

कोर्ट काय काय पाहतं?

एकच एक कसोटी नाही. सगळे तपशील एकत्र तोलले जातात. साधारणपणे हे प्रश्न विचारले जातात:

- काम काय करायचं एवढंच सांगितलं जातं, की कसं करायचं तेही?
- हत्यारं, मशीन, जागा, कच्चा माल कोणाचा?
- स्वतःच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का?
- एकाच मालकाचं काम आहे, की बाहेरची गिऱ्हाइकंही आहेत?
- नफा-तोट्याचा धोका कोण उचलतं? माल खपला नाही तर कोणाचं नुकसान?
- रजा, शिस्त, दंड, कामावरून काढणं हे कोणाच्या हातात?
- हे काम त्या धंद्याचा रोजचा भाग आहे, की बाजूचं?

शेवटी प्रश्न एवढाच उरतो: हा माणूस स्वतःचा धंदा चालवतोय, की दुसऱ्याच्या धंद्यात राबतोय?

ठेकेदार असणं कधी फायद्याचंही

नोकर असणं नेहमी फायद्याचंच, असंही समजू नये. गुजरातमधल्या एका नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांचा रुग्णालयाच्याच गाडीला झालेल्या अपघातात मृत्यू झाला. ते नोकर असतील तर विमा कंपनीची जबाबदारी ठराविक छोट्या रकमेपुरतीच होती. हायकोर्टाने त्यांना नोकर मानलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने करार बारकाईने वाचून, तो स्वतंत्रपणे सेवा देण्याचा करार होता, असं ठरवलं आणि विमा कंपनीला पूर्ण भरपाईसाठी जबाबदार धरलं. कुटुंबाला मिळणारी रक्कम या एका फरकावर अवलंबून होती.

ग्राहक म्हणूनही हा फरक आपल्या उपयोगाचा आहे. घरातल्या पगारी नोकराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, पण पैसे घेऊन स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्याविरुद्ध जाता येतं. याच आधारावर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं. २०२४ मध्ये मात्र वकिलांना त्यातून बाहेर ठेवलं. वकील पक्षकाराच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, पक्षकाराचं त्याच्यावर बरंच नियंत्रण असतं, असं कारण दिलं गेलं.

मधला ठेकेदार आणि अ‍ॅपवरचं काम

अनेक ठिकाणी मालक आणि मजूर यांच्यामध्ये लेबर ठेकेदार उभा असतो. अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कंत्राटी कामगारांच्या कायद्यानुसार ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला हिशोब.

१९७८ मध्ये केरळमधल्या दोरखंड कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याही पुढे जाऊन सांगितलं की मजुराच्या पोटापाण्यावर खरा ताबा ज्याचा, तोच खरा मालक, मध्ये कितीही ठेकेदार उभे असले तरी. नंतरच्या निकालांनी कायम नोकरीचा दावा बराच अवघड केला. पण ठेका निव्वळ दाखवण्यापुरता आहे हे सिद्ध झालं, तर मजूर मूळ मालकाचाच मानला जातो, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येही कायम ठेवलं.

अ‍ॅपवर पार्सल पोहोचवणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ म्हटलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. या संहितेने गिग कामगारांना मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवलं, पण कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद केली. म्हणजे या मुलांना नोकराचे हक्क नाहीत, योजनांचा आधार मात्र मिळू शकतो. त्यासाठी ई-श्रमवर नोंदणी करून ठेवा.

फिकहमध्येही हाच फरक

हा विचार आपल्याला परका नाही. फिकहच्या किताबांत इजाराच्या प्रकरणात ‘अजीर-ए-खास’ आणि ‘अजीर-ए-मुश्तरक’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. अजीर-ए-खास म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी ज्याने आपला वेळ एकाच माणसाला दिला तो. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये ८ वर्षांची चाकरी मान्य केल्याचा उल्लेख आहे, तो याच प्रकारातला. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे सर्वांचं काम घेणारा रंगारी, धोबी, टेलर.

उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ दरम्यान हनफी फिकहच्या आधारे ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा तयार झाला. त्यातही हाच फरक आहे. अजीर-ए-खास ठरलेल्या वेळी कामाला तयार होऊन हजर राहिला की मजुरीचा हकदार होतो, मालकाने काम दिलं नाही तरीही. अजीर-ए-मुश्तरकला मजुरी काम पूर्ण केल्यावर मिळते. नुकसानीचंही तसंच. अजीर-ए-खासच्या हातात मालकाची वस्तू अमानत असते. त्याने जाणूनबुजून बिघडवली नाही, हयगय केली नाही, तर भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. अजीर-ए-मुश्तरकच्या हातून बिघडलं तर त्याला भरून द्यावं लागतं. आणि वस्तू चोरीला गेली तर? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्यावर जबाबदारी नाही, त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते आहे. बाजारात लोकांच्या मालाची हिफाजत व्हावी, हा त्यामागचा विचार.

भारतीय कायदा आणि फिकह तंतोतंत जुळत नाहीत. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ज्याच्या हातात ताबा, त्याच्यावर जबाबदारी. आपल्यातले काही मालक मजुराला सकाळी ९ ला हजर राहायला सांगतात, बाहेरचं काम घेऊ देत नाहीत, उशीर झाला तर पैसे कापतात. आणि मजूर आजारी पडला, काम मंदावलं किंवा माल खराब झाला की म्हणतात, ‘तू तर ठेक्यावर आहेस.’ मालकाच्या दोन्ही हातांत लाडू आणि मजुराच्या दोन्ही हातांत काही नाही, हा सौदा कायद्यातही टिकत नाही आणि दीनमध्येही. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपण मस्जिदीत ऐकतो. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे.

मग करायचं काय?

काम घेणाऱ्यांनी सही करण्याआधी कागद घरी आणून वाचावा, वाचून घ्यावा. खात्यात येणारी रक्कम पगार म्हणून येते की फी म्हणून, टीडीएस कोणत्या नावाने कापला जातो, हे विचारावं. नोकरी असेल तर हजेरी, ओळखपत्र, पगाराच्या नोंदी, रजेसाठी केलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, मालकाने दिलेल्या सूचना सगळं जपून ठेवावं. वाद झाला की हेच तपशील कामाला येतात. रोख पैसे मिळत असतील तर तारीखवार वही ठेवा.

खरोखर ठेक्याने काम करत असाल तर दर, मुदत, माल कोणाचा, बिघाड झाला तर कोणाची जबाबदारी, पैसे किती दिवसांत, हे लिहून घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, ती इथेही लक्षात ठेवावी. उद्यम नोंदणी काम सुरू करण्याआधीच करून ठेवा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. ज्यांना व्याज घ्यायचं नाही, त्यांनाही आपली मूळ रक्कम वसूल करायला हा मार्ग उपयोगी पडतो. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी दिवाणी दावा काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत करावा लागतो. ‘आज देतो, उद्या देतो’ यात ही मुदत निघून जाते.

मालकांनी आधी स्वतःला विचारावं की आपल्याला झालेलं काम हवंय की माणसावर ताबा? ताबा हवा असेल तर नोकराचे हक्कही द्यावे लागतील. काम हवं असेल तर ते कसं आणि केव्हा करायचं, ते समोरच्यावर सोडावं. आज वाचवलेला पीएफ उद्या थकबाकी, व्याज आणि दंडासह भरावा लागू शकतो.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांनाही हा हक्क आहे. जाताना करार, पगाराच्या नोंदी आणि वही सोबत न्या.